चालू खात्यातली पाहुणी रक्कम

समजा, एका आर्किटेक्ट फर्मनं जून महिन्यात १० लाखांची बिलं केली. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १ लाख ८० हजार. ग्राहकांनी मूळ रकमेवर १० टक्के टीडीएस कापला, म्हणजे १ लाख. खात्यात जमा झाले १० लाख ८० हजार. मालक मोबाइलवर शिल्लक बघतो, तेव्हा त्याला हाच आकडा दिसतो आणि नव्या ऑफिसच्या फर्निचरचा विषय निघतो. आता यातलं त्याचं किती ते मोजू. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेला जीएसटी, ४० हजार धरलं तर जीएसटीचे १ लाख ४० हजार २० जुलैला जायचे आहेत. भागीदारांचं मानधन आणि इतर खर्च जाऊन महिन्याचा नफा ४ लाख उरला, तर फर्मला ३१.२ टक्क्यांनी १ लाख २४ हजार ८०० प्राप्तिकर लागतो. टीडीएसचे १ लाख वजा केले की उरतात २४ हजार ८००, आणि ते आगाऊ कराच्या सप्टेंबरच्या हप्त्यात भरायचे. म्हणजे १ लाख ६४ हजार ८०० रुपये या खात्यात पाहुणे म्हणून आले आहेत.

पाहुणे चार दिवस राहिले की घरातलेच वाटायला लागतात. करसल्लागाराचं काम मुख्यतः इथेच असतं. रिटर्न भरणं ही कारकुनी आहे आणि सॉफ्टवेअर आता ती बऱ्यापैकी करतं. पण खात्यातली कुठली रक्कम कधी निघून जाणार आहे, हे ती खर्च व्हायच्या आधी क्लायंटला सांगणं सॉफ्टवेअरला जमत नाही. आणि ज्या कार्यालयात हे सांगितलं जात नाही, तिथे दर महिन्याच्या २० तारखेला संध्याकाळी तेच ते फोन येतात.

महाराष्ट्रातले जुने व्यापारी अजून जीएसटीला ‘सेल्स टॅक्स’च म्हणतात. १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा गेला, १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. तोंडातला शब्द मात्र तोच राहिला. शब्दाला हरकत नाही. त्या काळच्या सवयीला आहे. तेव्हा बिलं पिशवीत भरून महिन्याअखेरीनंतर केव्हातरी आणून दिली तरी निभावत असे. आता विक्रेत्यानं काय भरलं यावर खरेदीदाराचं क्रेडिट ठरतं, त्यामुळे उशीर एकट्याचा राहत नाही.

महिन्याचं वेळापत्रक म्हणूनच मागून पुढे मांडावं. मासिक रिटर्न भरणाऱ्याची ३बी, म्हणजे महिन्याचा कर आणि क्रेडिट दाखवून भरायचं जीएसटी रिटर्न, २० तारखेला. त्यासाठी चलन १८ पर्यंत निघायला हवं. चलनाचा आकडा ठरवायला खरेदीचा मेळ हवा, आणि तो २बी, म्हणजे विक्रेत्यांच्या रिटर्नवरून पोर्टलनं बनवलेली क्रेडिटची यादी, आल्याशिवाय बसत नाही. २बी तयार होते १४ तारखेला. त्याआधी ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, गेलेली असते, म्हणजे विक्रीची नोंदवही ८ तारखेला बंद झाली पाहिजे, आणि त्यासाठी क्लायंटकडून कागद ५ तारखेला हातात पडले पाहिजेत. कायद्यातली तारीख २० असली तरी क्लायंटला सांगायची तारीख ५ आहे. ज्यांना २० सांगितली जाते ते १९ ला कागद पाठवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

५ तारखेला काय मागायचं, हेही नेमकं हवं. ‘सगळं पाठवा’ म्हटलं की काहीच येत नाही. विक्रीच्या बिलांची पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंतची यादी, रद्द केलेली बिलं धरून. क्रेडिट नोट आणि डेबिट नोट. खरेदीची आणि खर्चाची बिलं, जीएसटी क्रमांकासह. मिळालेले आगाऊ पैसे. मालवाहतुकीच्या आणि वकिलांच्या पावत्या, वेगळ्या. बँक स्टेटमेंट पीडीएफमध्ये न मागता एक्सेलमध्ये मागावं. बिलांच्या क्रमांकात खंड पडला असेल, तर ते बिल कुठे गेलं याचा शोध तेव्हाच घ्यायचा. ११७ नंतर थेट ११९ आलं आणि कुणी विचारलं नाही, की ११८ नंबरचं बिल हमखास दोन महिन्यांनी एखाद्या चिडलेल्या ग्राहकाच्या ई-मेलमधून प्रकट होतं.

वाहतूकदाराच्या पावत्या वेगळ्या मागण्याचं कारण रिव्हर्स चार्ज, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदारानं भरायचा कर. पोर्टलवर क्लायंटच्या क्रेडिट लेजरमध्ये ३ लाख पडून असतात, त्याला वाटतं या महिन्यात काही भरायचं नाही. पण ज्या वाहतूकदारानं स्वतः कर लावला नाही, त्याचं भाडं ५० हजार झालं असेल तर ५ टक्क्यांनी अडीच हजार रुपये रोखीतच भरावे लागतात. क्रेडिटमधून ते वळते होत नाहीत. भरल्यावर त्याच महिन्यात त्यांचं क्रेडिट मिळतं, तो भाग निराळा. अडीच हजारांचं चलन राहिलं म्हणून अख्खं रिटर्न अडकलंय, हे दृश्य दुर्मीळ नाही.

जीएसटीआर-१ बद्दल एक गोष्ट क्लायंटला स्पष्ट सांगायला हवी. जुलै २०२५ च्या रिटर्नपासून ३बी मधला विक्रीवरच्या कराचा आकडा थेट जीएसटीआर-१ मधून येतो आणि तो हातानं बदलता येत नाही. पूर्वी ‘वन मध्ये चुकलं, थ्री-बीत सांभाळून घेऊ’ असं सर्रास चालायचं. आता चूक सुधारायची तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए भरावी लागते, आणि तीही त्या कालावधीत एकदाच. तिच्यातून खरेदीदाराचा चुकलेला जीएसटी क्रमांक बदलता येत नाही. त्यासाठी पुढच्या महिन्याची जीएसटीआर-१ आहे. म्हणून ११ तारखेच्या आधी बिलांतले जीएसटी क्रमांक तपासणं हे व्याज वाचवण्याहून मोलाचं काम. एक अंक चुकला तर माल घेणाऱ्याचं क्रेडिट महिनाभर लटकतं, आणि तो आपल्या क्लायंटचं पेमेंट लटकवतो.

मग १४ तारखेची २बी. १ जानेवारी २०२२ पासून नियम साधा आहे: २बी मध्ये दिसतं तेवढंच क्रेडिट. हिशेबाच्या वहीतली खरेदी आणि २बी शेजारी-शेजारी ठेवली की तीन ढीग पडतात. दोन्हीकडे आहे ते घ्यायचं. वहीत आहे पण २बी मध्ये नाही, त्यासाठी विक्रेत्याच्या मागे लागायचं. २बी मध्ये आहे पण वहीत नाही, हा तिसरा ढीग सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत बोलका. त्यात एकतर क्लायंटनं न दिलेलं बिल असतं, किंवा मालकाच्या घरचा फ्रिज फर्मच्या क्रमांकावर घेतलेला असतो, किंवा दुसऱ्याच कुणाचं बिल चुकून आपल्याकडे आलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस, म्हणजे आलेली बिलं तपासायची व्यवस्था, आहे. तिथे प्रत्येक बिल स्वीकारता, नाकारता किंवा प्रलंबित ठेवता येतं. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. तेव्हा तिसरा ढीग बघायची सवय नसेल, तर परक्याचं बिलही आपलंच होऊन बसतं.

दुसऱ्या ढिगासाठी मर्यादा आहे. एखाद्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोपर्यंतच घेता येतं. शिवाय विक्रेत्याला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. हा १८० दिवसांचा नियम माहीत सगळ्यांना असतो. थकलेल्या देण्यांची वयवार यादी दर तिमाहीला काढून बघणारे मात्र थोडे.

चलन भरताना सीजीएसटी (केंद्राचा), एसजीएसटी (राज्याचा) आणि आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा) हे कप्पे वेगळे, आणि त्यांतही कर, व्याज, फी हे उपकप्पे वेगळे. आयजीएसटीचं क्रेडिट आधी आयजीएसटीला, मग उरलेलं इतर दोघांना. सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला चालत नाही, उलटही नाही. त्यामुळे एकूण बेरीज पाहून ‘क्रेडिट पुरतंय’ म्हणणं धोक्याचं. पैसे चुकीच्या कप्प्यात पडले तर पीएमटी-०९ या फॉर्मनं हलवता येतात, तोपर्यंत घाबरायचं कारण नाही. रिटर्नमध्येच राज्यांतर्गत विक्री आंतरराज्य म्हणून दाखवली गेली, तर मात्र योग्य शीर्षाखाली कर पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो. त्यावर व्याज लागत नाही, पण परतावा येईपर्यंत क्लायंटची तेवढी रक्कम अडकते.

उशीर झालाच तर किती पडतं? १ लाख २० हजारांचा रोख कर १० दिवस उशिरा भरला तर १८ टक्क्यांनी व्याज ५९२ रुपये. लेट फी रोज ५० प्रमाणे ५०० रुपये. काहीच व्यवहार नसलेल्या रिटर्नला रोज २०. वार्षिक उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर एका ३बी ची लेट फी २ हजारांवर जात नाही, ५ कोटींपर्यंत ५ हजार, त्यावर १० हजार. हे आकडे ऐकून क्लायंट म्हणतो, एवढंच ना? खरी किंमत तिथे नसतेच. आधीची ३बी राहिली तर पुढची जीएसटीआर-१ अडते, त्यामुळे ग्राहकाला क्रेडिट दिसत नाही. सलग दोन रिटर्न राहिली तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेताना लागणारा ऑनलाइन कागद, बंद होतं आणि मालाची गाडी गोदामाच्या दारात उभी राहते. व्याजाचा तक्ता दाखवण्यापेक्षा ही गाडी दाखवावी; पटकन समजतं.

एक सोय मात्र फार कमी वापरली जाते. २०२४ च्या दुरुस्तीनंतर, मुदतीच्या तारखेला जी रक्कम रोख लेजरमध्ये, म्हणजे चलनाचे पैसे पडतात त्या पोर्टलवरच्या खात्यात, जमा होती आणि उशिरा रिटर्न भरताना त्यातूनच वळती झाली, तिच्यावर व्याज लागत नाही. मेळ बसत नसेल, ओटीपी देणारा माणूस विमानात असेल, तरी अंदाजानं चलन २० तारखेच्या आत भरून ठेवावं. लेट फी लागेल, व्याज वाचेल. चलन १५ दिवस चालतं, पण एनईएफटीनं भरलेली रक्कम लेजरमध्ये दिसायला वेळ लागू शकतो, म्हणून शेवटच्या दुपारी तो पर्याय निवडू नये.

५ कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना १ जानेवारी २०२१ पासून तिमाही रिटर्नची योजना आहे. जीएसटीआर-१ तिमाहीनंतर १३ तारखेला, ३बी महाराष्ट्रात २२ तारखेला; देशाच्या दुसऱ्या गटातल्या राज्यांत २४. पहिल्या दोन महिन्यांचा कर मात्र पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पीएमटी-०६ या चलनानं भरायचाच असतो. ‘तिमाही’ हा शब्द ऐकून क्लायंट ते दोन महिने विसरतो, आणि तिसऱ्या महिन्याला तिन्हींचं ओझं एकदम येतं, तेव्हा पाहुणी रक्कम केव्हाच खर्च झालेली असते. भरायच्या दोन पद्धती आहेत. ठरावीक रकमेच्या पद्धतीत मागच्या तिमाहीत रोखीनं भरलेल्या कराच्या ३५ टक्के. मागच्या वेळी ३ लाख भरले असतील तर १ लाख ५ हजार. ती वेळेवर भरली तर प्रत्यक्ष कर जास्त निघाला तरी, फरक ३बी च्या मुदतीत भरल्यास, व्याज नाही. दुसरी, प्रत्यक्ष हिशेबाची पद्धत. हंगामी धंद्यात पहिली पद्धत उलटते: दिवाळीच्या तिमाहीत कर भरपूर गेला की जानेवारीत गिऱ्हाईक नसतानाही त्याच्या ३५ टक्के मागितले जातात. तिथे प्रत्यक्ष हिशेब करावा. उलट, धंदा चढत्या कमानीवर असेल तर ठरावीक रक्कम फायद्याची. दरवर्षी तीच पद्धत आंधळेपणानं लावण्यात अर्थ नाही.

माझं मत विचाराल तर ज्या क्लायंटची बहुतेक विक्री नोंदणीकृत व्यापाऱ्यांना आहे, त्यानं तिमाहीच्या फंदात पडू नये. आयएफएफची सोय आहे खरी, दरमहा ५० लाखांपर्यंतची बिलं १३ तारखेपर्यंत चढवता येतात. पण १३ चुकली की त्या महिन्याची खिडकी बंद, आणि ग्राहक वाट बघत बसतो. वाचलेल्या दोन ३बी च्या मानानं ही कटकट महाग पडते.

आता प्राप्तिकराचे हप्ते. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा जास्त निघणार असेल, तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के. ६० वर्षांवरच्या निवासी ज्येष्ठाला धंद्याचं किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर हप्त्यांतून सूट. अनुमानित उत्पन्नाच्या (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरणाऱ्या) योजनेतल्या छोट्या व्यापाऱ्याला आणि व्यावसायिकाला एकच हप्ता, १५ मार्चला पूर्ण.

तारखा नीट पाहिल्या तर एक गंमत दिसते. जीएसटीआर-१ ची तारीख ११, हप्त्याची १५. म्हणजे सप्टेंबरच्या हप्त्याआधी चार दिवस एप्रिल ते ऑगस्ट अशा पाच महिन्यांची पक्की विक्री हातात असते. डिसेंबरला आठ महिन्यांची, मार्चला अकरा महिन्यांची. बहुतेक कार्यालयांत मात्र जीएसटीचं काम एका टेबलावर आणि प्राप्तिकराचं दुसऱ्यावर, आणि दोन टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत. हप्त्याच्या दिवशी क्लायंटला विचारलं जातं, ‘यंदा किती धरायचं?’ तो म्हणतो, ‘मागच्या वर्षीइतकंच.’ झाला अंदाज.

त्यापेक्षा असं करावं. ऑगस्टअखेर विक्री ४८ लाख. सरळ बाराशी गुणून पाचनं भागलं तर वर्षाचे ११५ लाख २० हजार येतात. पण मागच्या वर्षी ऑगस्टपर्यंत वर्षाच्या ३२ टक्केच विक्री झाली होती असं जुनी रिटर्न सांगत असतील, तर ४८ ला ०.३२ नं भागायचं: दीड कोटी. दोन अंदाजांत जवळपास ३५ लाखांच्या विक्रीचा फरक. त्यावर मागच्या वर्षीचं निव्वळ नफ्याचं प्रमाण लावायचं, आणि यंदा काय बदललं तेवढंच क्लायंटला विचारायचं: भाडं वाढलं का, नवं यंत्र घेतलं का, कर्ज काढलं का, दर पडले का. चार प्रश्नांना दहा मिनिटं लागतात.

चुकलं तर काय, हे एका उदाहरणात बघू. वर्षाचा कर, टीडीएस जाऊन, ४ लाख. जूनमध्ये ६० हजार हवे होते, भरले २० हजार. कमी पडले ४० हजार, त्यावर दरमहा १ टक्का तीन महिने, म्हणजे १,२००. सप्टेंबरपर्यंत १ लाख ८० हजार हवे होते, एकूण भरले १ लाख. ८० हजारांवर २,४००. डिसेंबरपर्यंत बरोबर ३ लाख भरले, व्याज नाही. मार्चला ५० हजार राहिले, त्यावर एकच महिना, ५००. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २३४क खाली एकूण ४,१००. इथे एक बारकावा आहे: जूनमध्ये १२ टक्के आणि सप्टेंबरमध्ये ३६ टक्के भरलेले असतील तर त्या हप्त्याचं व्याज लागत नाही. म्हणजे जूनमध्ये ४८ हजार भरले तर शून्य. ४७ हजार भरले तर सवलत गेली, आणि कमतरता ४८ पासून न मोजता ६० पासून मोजली जाते: १३ हजारांवर ३९० रुपये.

पुढे त्याच कायद्याचं कलम २३४ब. एकूण कराच्या ९० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार, वर्षअखेर भरलेले हवेत. इथे भरलेत साडेतीन लाख. मग १ एप्रिलपासून भरेपर्यंत, महिन्याचा तुकडासुद्धा पूर्ण महिना धरून, ५० हजारांवर दरमहा १ टक्का. २५ जुलैला भरले तर चार महिने, २ हजार रुपये. मार्चमध्ये आणखी फक्त १० हजार भरले असते, तर हे २३४ब चं व्याज लागलंच नसतं. १५ मार्च हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेला कर आगाऊ करच मानला जातो, त्यामुळे ९० टक्क्यांची ही रेघ ओलांडायला आणखी पंधरा दिवस असतात. ते हातचे घालवू नयेत.

काही हिशेबी क्लायंट मुद्दाम हप्ते चुकवतात. त्यांचं गणित असं, की बँकेच्या ओव्हरड्राफ्टपेक्षा सरकारचे १२ टक्के स्वस्त. पण बँकेचं व्याज धंद्याचा खर्च म्हणून वजा होतं, प्राप्तिकरावरचं होत नाही. ३१.२ टक्के कर भरणाऱ्या फर्मला ते १२ टक्के प्रत्यक्षात जवळजवळ साडेसतरा टक्क्यांना पडतात. एवढं कागदावर मांडून दाखवलं की बहुतेकांचा हुरूप ओसरतो.

भांडवली नफा, लाभांश, लॉटरी यांचा अंदाज आधी येऊ शकत नाही हे कायदा मान्य करतो. जानेवारीत प्लॉट विकला तर त्याचा कर मार्चच्या हप्त्यात, नाहीतर ३१ मार्चपर्यंत भरला की मागच्या हप्त्यांचं व्याज नाही. फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा नफा मात्र धंद्याचं उत्पन्न, त्याला ही सवलत नाही. ‘शेअरचंच तर आहे’ म्हणून दोन्ही एकत्र टाकणाऱ्यांना हा फरक वर्षअखेर कळतो.

टीडीएस वजा करताना २६एएसवर, म्हणजे कापलेल्या टीडीएसच्या सरकारी नोंदीवर, विसंबून चालत नाही. कापणाऱ्याची विवरणपत्रं तिमाहीनंतर येतात: ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे. १५ मार्चला २६एएसमध्ये फार तर डिसेंबरपर्यंतचं दिसतं. म्हणून टीडीएसचा आकडा खात्यावरून काढावा: बिल किती, जमा किती, फरक कशाचा. आणि ग्राहकानं कापायला हवा होता पण कापला नाही, पूर्ण पैसे दिले, अशा टीडीएसची वजावट हप्ता काढताना मिळत नाही. तो कर क्लायंटलाच भरावा लागतो.

मार्चच्या हप्त्याआधी थकलेल्या देण्यांची यादी पुन्हा एकदा काढावी, या वेळी १८० दिवसांसाठी नव्हे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत दिली नाहीत आणि ३१ मार्चला थकलेली असली, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही; पैसे देऊ त्या वर्षी मिळतो. २० जानेवारीला घेतलेल्या ५ लाखांच्या मालाचे ४५ दिवस ६ मार्चलाच संपतात. ३१ पर्यंत दिले नाहीत तर नफा ५ लाखांनी फुगतो, आणि फर्मला १ लाख ५६ हजारांचा जास्तीचा कर येतो. ही यादी १० मार्चला हातात असेल तर क्लायंटला निवड करता येते, कुणाचे पैसे आधी द्यायचे. एप्रिलमध्ये निघाली तर नुसता पंचनामा. पुरवठादार उत्पादक किंवा सेवा देणारा आहे की नुसता व्यापारी, हे उद्यम प्रमाणपत्रावरून, म्हणजे लघुउद्योग नोंदणीच्या दाखल्यावरून, बघून घ्यावं. व्यापाऱ्याच्या देण्याला हा नियम लागत नाही.

चलनातली सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे वर्ष. जुन्या कायद्यात उत्पन्नाचं वर्ष एक आणि कर निर्धारण वर्ष त्यापुढचं: २०२५-२६ च्या उत्पन्नाला २०२६-२७ निवडायचं. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू होतो, आणि त्यात फक्त ‘कर वर्ष’ आहे, म्हणजे उत्पन्नाचं वर्ष तेच कराचं वर्ष. चांगलं सोपं झालं, पण संधिकाळात सापळा आहे. जुलै २०२६ मध्ये मागच्या वर्षाचा राहिलेला कर भरताना ‘कर निर्धारण वर्ष २०२६-२७’, आणि त्याच्या महिनाभर आधी जूनचा हप्ता भरताना ‘कर वर्ष २०२६-२७’. आकडे तेच, वर्षं दोन. शेजारी-शेजारी दोन चलनं निघतील, तेव्हा कशासाठी कुठलं हे कागदावर लिहूनच भरावं. त्याबरोबर प्रकाराचा कोडही बघावा: आगाऊ कर १००, वर्ष संपल्यावर भरायचा स्वयंनिर्धारण कर ३००. चूक दुरुस्त करायची सोय पोर्टलवर आहे, पण मोजक्या दिवसांसाठी, म्हणून चलनाची पावती आली की त्याच दिवशी वाचावी.

क्लायंटला निरोप कसा द्यावा यावर कुणी फारसं बोलत नाही, पण अर्धं काम तिथेच होतं. ‘टॅक्स भरायचा आहे, कृपया लक्ष द्यावे’ हा निरोप वाचून कुणीही काही करत नाही. चार ओळी पुरतात. जीएसटी जून, रोख भरायचे १ लाख ४० हजार, यात सीजीएसटी ७० हजार, एसजीएसटी ७० हजार. चलन सोबत, १८ तारखेपर्यंत भरावे. विक्री १० लाख आणि क्रेडिट ४० हजार यावरून आकडा काढला आहे. काही सुटलं असेल तर उद्या दुपारपर्यंत कळवा. सप्टेंबरच्या हप्त्यासाठी २५ हजार बाजूला ठेवा. ही शेवटची ओळ दर महिन्याला जायला हवी, हप्त्याच्या महिन्यातच नव्हे. त्यासाठी क्लायंटला दुसरं बँक खातं उघडायला लावावं आणि प्रत्येक जमेतून जीएसटीची रक्कम त्याच दिवशी तिकडे वळवायला सांगावं. सगळे करत नाहीत. करतात त्यांना २० तारखेला ओव्हरड्राफ्ट काढावा लागत नाही.

‘साहेब, तुम्हीच भरून टाका, मी नंतर देतो’ याला मात्र नाही म्हणावं. कर क्लायंटच्या खात्यातूनच जायला हवा, नाहीतर त्याच्या वहीत सल्लागार धनको म्हणून बसतो आणि दोघांचे संबंध बिघडायला एक निमित्त तयार होतं. तसंच ओटीपीचं. नोंदणी करताना सोयीसाठी सल्लागारानं स्वतःचा मोबाइल नंबर घातलेला असतो. मग नोटीसही त्याच्याचकडे जाते आणि क्लायंटला सहा महिन्यांनी कळतं. जीएसटीआर-१ आणि ३बी मध्ये, किंवा २बी आणि ३बी मध्ये फरक मोठा असेल तर पोर्टलवरून येणाऱ्या सूचनेला सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर पुढची जीएसटीआर-१ बंद. सात दिवसांतले चार चुकीच्या इनबॉक्समध्ये गेले तर उरतात तीन.

आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, हप्ता गेल्यावर हुश्श करण्याआधी, एक छोटी फेरी. निर्यातदाराचं नव्या वर्षाचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, भरलं का. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या सरसकट दराच्या योजनेत, जायचं असेल तर अर्ज ३१ मार्चच्या आत. तिमाहीतून मासिक किंवा मासिकातून तिमाही व्हायचं तर एप्रिलच्या तिमाहीसाठी पर्याय ३० एप्रिलपर्यंत खुला असतो. १ एप्रिलपासून बिलांची नवी मालिका, क्रमांक १ पासून. टॅलीत नवीन वर्ष उघडताना जुनी मालिका पुढे चालू राहिली तर ते त्याच दिवशी थांबवणं सोपं, मे महिन्यात जीएसटीआर-१ भरताना फार अवघड.